विणकामाचं मशीन विकणे आहे

“नाही बाळा, लोकर आधी मेणावरून फिरवून घ्यायची,” आई फोनवर सांगत होत्या. “तशीच घातली तर सुया अडतात. बायकोला नीट सांग. नाहीतर असं कर, तिलाच दे फोन.”

मी शाळेत शिकवून घरी आले होते आणि दारात चपला काढत होते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मागच्या खोलीत विणकामाच्या मशीनपाशी उभ्या होत्या. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातानं, पलीकडचा माणूस समोरच बसलाय अशा थाटात, लोकर कशी ओढायची ते त्या दाखवत होत्या. तिकडून काहीतरी उत्तर आलं. “बाजारात गेलीय होय? बरं, मग उद्या दे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून हसल्या. त्या घरात येऊन मला बरीच वर्षं झाली होती, पण त्यांना असं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

“मशीन खपलं म्हण,” त्या म्हणाल्या. “आणि चांगल्या घरी चाललंय.”

आम्ही वाईला राहायचो. सासरे गेले तेव्हा रणजित, म्हणजे माझा नवरा, अजून शाळेतही जात नव्हता. आईंनी कुठूनतरी हे मशीन मिळवलं. टेबलाएवढं लांब, हातानं डावीकडून उजवीकडं आणि परत सरकवायचं. पाचगणीच्या निवासी शाळांचे स्वेटर त्या विणून द्यायच्या, त्यावर घर चाललं आणि रणजित शिकला. गावात अजूनही कुणाला त्यांचं हेमलता हे नाव माहीत नव्हतं, सगळे ‘स्वेटरवाल्या पिसाळबाई’ म्हणायचे. पुढं शाळांना बाहेरून तयार स्वेटर मिळायला लागले आणि मशीनवर चादर पडली.

त्या वर्षी रणजितला ती खोली हवी होती. तो एका पतसंस्थेत शाखाधिकारी झाला होता, घरी माणसं यायची, त्यांना बसवायला जागा नव्हती. जेवताना फोनमधून मान वर न करता तो म्हणाला, “महिनाअखेरपर्यंत विकलं तर विकलं. नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.” आई हो म्हणाल्या. त्या त्याला नेहमी हो म्हणायच्या.

मशीनचे फोटो काढून मी ऑनलाइन जाहिरात टाकली. नंबर मी माझा देणार होते. पण आई म्हणाल्या, “मशीनचं कुणी काही विचारलं तर तुला काय सांगता येणार कल्याणी? माझा टाक.” मला ते पटलं.

दोनचार दिवस कुणी फिरकलं नाही. मग या माणसाचा फोन आला. सुभेदार अनिल सोनवणे, मूळ खटाव तालुक्यातला, सध्या वर बर्फात नेमणूक. बायको बरोबरच असते, पण छावणीत दिवसभर एकटी कंटाळते, तिला विणकाम शिकायचंय. त्यानं मशीन बघायला कुणाला पाठवलं नाही. किंमत सांगितली तेवढी मान्य केली, एक रुपया कमी करा म्हणाला नाही. कुणी न मागता स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला. मशीन न्यायला सैन्याची गाडी येईल, पैसे आधीच ऑनलाइन पाठवतो, म्हणाला. आईंचा थोरला भाऊ फौजेत होता आणि तिकडंच वारला होता. त्यामुळं ते ओळखपत्र त्यांनी दोनतीनदा मोठं करून बघितलं आणि त्या माणसाचे फोन यायला लागले तेव्हा त्याला ‘बाळा’ म्हणायला लागल्या.

मला पहिल्यापासून ते बरं वाटत नव्हतं. जुनी वस्तू घेणारा माणूस घासाघीस करत नाही, वस्तू डोळ्यांनी बघायचीसुद्धा म्हणत नाही, हे कसं? मी आईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “बघितलं नाही कसं? रोज विचारतो की. सुया किती, वजन केवढं, वीण कुठली बसते. सगळं ऐकून घेतो.”

आणि खरंच, तो ऐकून घ्यायचा. कारण मला नंतर कळलं. आईंच्या फोनवर पैसे घ्यायचं ॲपच नव्हतं. ते घ्यायचं तर बँकेचं कार्ड लागणार होतं, आणि कार्ड त्यांनी कधी काढलं नव्हतं. अर्ज दिल्यावर ते यायला वेळ लागणार होता. तोवर ही बाई हातची जाऊ नये म्हणून त्याला रोज दुपारी फोन करणं भाग होतं. तो करायचा. जेवलात का, पाय दुखतो म्हणाला होतात त्याचं काय झालं, असं विचारायचा. मग आई बोलत राहायच्या. मी स्वयंपाकघरात असले तर आवाज खाली करायच्या. आपल्याकडचं कुणी ऐकू नये असं काहीतरी त्या सांगत असाव्यात, एवढं मला कळायचं. त्यात मी कान घातला नाही.

एक दिवस घरी आले तर मशीन चालू होतं. कित्येक वर्षांत नव्हता ऐकला तो खर्र खर्र आवाज सगळ्या घरात भरला होता. सुभेदाराला लहान मुलगी होती म्हणे. मशीनबरोबर तिच्यासाठी एक स्वेटर द्यायचा, असं आईंनी ठरवलं होतं.

कार्ड आलं, शेजारच्या दुकानातल्या पोरीनं त्यांना ॲप घालून दिलं, आणि त्याच दिवशी त्या फोन घेऊन माझ्याकडं आल्या. त्यानं एक चौकोनी कोड पाठवला होता. तो स्कॅन करायचा, मग पिन टाकायचा, की पैसे खात्यात जमा.

मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, “आई, पैसे देताना पिन टाकतात. घेताना काहीच टाकावं लागत नाही. देणारा पाठवतो आणि ते आपोआप येतात. तुम्ही पिन टाकलात तर तुमचेच जातील. हा माणूस सुभेदार नाही.”

त्या बराच वेळ त्या कोडकडं बघत राहिल्या. मग फोन पालथा घातला.

“तुला खात्री आहे?”

“हो.”

“बरं. पण मी त्याला एकदा विचारते आणि मग बंद करते,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस बोलले त्याच्याशी, न बोलता कशी सोडू? रणजितला सांगू नकोस. माझं मी निस्तरते.”

मी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. खातं आईंचं, फोन नंबरही त्यांचाच, पण बँकेत ईमेल रणजितचा दिलेला होता. कार्ड चालू झाल्याचा, ॲप जोडल्याचा, असे सगळे निरोप त्याच्याकडं गेले होते. दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी घरी आला.

एक सांगायला हवं. या विषयातलं रणजितला खरंच कळायचं. ठेवीदारांसाठी तो दर महिन्याला कार्यक्रम घ्यायचा. लोक कसे फसवतात, कसं ओळखायचं, काय करू नये, हे सगळं सोपं करून सांगायचा. तालुक्याच्या पानावर त्याचा फोटो छापून आला होता. आईंचा फोन हातात घेऊन त्यानं सगळे संदेश वरपासून खालपर्यंत वाचले आणि हसला.

“पाठ आहे मला हा सगळा खेळ,” तो म्हणाला. “फौजी, ओळखपत्र, कोड. तुझी चूक नाही आई, चांगली चांगली माणसं फसतात.”

हे तो इतक्या मऊपणानं बोलला की मला वाटलं, संपलं. मग त्यानं फोन आईंच्या समोर ठेवला.

“आता लाव त्याला.”

“कशाला?” आई म्हणाल्या. “कल्याणीनं समजावलंय मला. मी त्याला विचारून सोडूनच देणार होते.”

“विचारून म्हणजे? म्हणजे अजून तुझा त्याच्यावर विश्वास आहे.”

आईंनी फोन परत पालथा घातला.

“म्हणूनच लाव. एकदा कानांनी ऐकलंस की जन्मात परत चुकणार नाहीस.”

तेव्हा मी त्याला अहो म्हणायची. म्हटलं, “अहो, नंबर बंद करा, तक्रार द्या. त्यांना कशाला बसवताय मध्ये?” त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं की हे त्याचं रोजचं काम आहे, मी मध्ये पडू नये. स्वतःचा फोन त्यानं रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवला. एका कागदावर, आईंनी काय काय म्हणायचं ते लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढं धरला. पोराला पाढे म्हणायला बसवावं तसं चाललं होतं.

आईंनी फोन लावला. रणजितनं स्पीकर चालू केला.

“आई, जेवलात का?” तिकडून आवाज आला. छान आवाज होता. घरातल्या माणसासारखा.

“जेवले,” आई म्हणाल्या. मग कागदाकडं बघत म्हणाल्या, “ते कोड माझ्याकडनं होत नाही.”

त्यानं अजिबात घाई केली नाही. कुठं बोट ठेवायचं, हिरवं बटण कुठं आहे, सगळं सावकाश सांगितलं. आता पिन टाका, की झालं, म्हणाला. रणजितनं ‘ऐकलंस?’ अशा अर्थानं भुवया उंचावल्या आणि कागदावरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. आईंनी कागद बाजूला सारला.

“बाळा, पैसे घ्यायला पिन लागत नाही म्हणतात. खरं का?”

“सैन्याचं खातं वेगळं असतं आई.”

“बरं. मग तुझ्या बायकोला एकदा फोन दे. इतके दिवस नुसतं ऐकतेय तिच्याविषयी. तिनं एक शब्द बोलावा, मी लगेच टाकते.”

तिकडून नुसता पंखा फिरल्याचा आवाज येत होता. बर्फात पंखा, असं माझ्या मनात आलं. आईंच्याही आलं असावं.

“नसेल तर राहू दे,” त्या म्हणाल्या. “ठेवते मी. परत करू नकोस फोन.”

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. त्यांनी फोन बंद करायला बोट पुढं केलं. तिथं सगळं संपलं असतं. पण रणजितनं झडप घालून फोन उचलला आणि हे सगळं त्याच्या ताब्यात आल्यावर तो शाखाधिकाऱ्याच्या आवाजात बोलायला लागला. मी कोण आहे माहीत आहे का, तुझा नंबर कुठं कुठं जाणार आहे, वगैरे.

तो माणूस घाबरला नाही. हसायला लागला.

“अच्छा, तो मुलगा तू होय?” तो म्हणाला. आवाज तोच, फक्त त्यातला घरचेपणा गेला होता. “तुझ्या म्हातारीनं डोकं खाल्लं रे माझं. मेण लाव, सुया मोज, लोकर ओढ. एवढ्या वेळात दहा जणांना टोपी घातली असती मी. ‘बाळा, लिहून घेतलंस का?’” त्यानं आईंची नक्कल केली, अगदी हुबेहूब. तिकडं आणखी कुणीतरी होतं, तेही हसलं. “पोरीला स्वेटर पाठवणार होती. कुठली पोर आणि कुठला स्वेटर. इतकी येडी बाई मी धंद्यात बघितली नाही.”

आई टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, बंद करा. रणजितनं मला हातानंच थांबवलं. त्याला अजून रेकॉर्ड व्हायला हवं होतं.

“आणि तुझंही सगळं माहीत आहे मला,” तो माणूस पुढं म्हणाला. “ती ताट वाढून समोर बसते आणि तू मोबाईल बघत जेवून उठतोस. दोन शब्द बोलत नाहीस. खोलीतलं मशीन काढ म्हणालास तेव्हा रात्रभर झोपली नाही ती. घाबरते तुला. पोटच्या पोराला. आणि सांगते कुणाला, तर मला.”

मग फोन बंद झाला. रणजितचे कान लाल झाले होते. त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं, फोन खिशात घातला आणि आईंकडं वळला.

“घरातलं सगळं त्याला सांगितलंस? एका चोराला?”



“तो विचारायचा,” त्या म्हणाल्या.

तो न जेवता परत कामावर निघून गेला. आईंनी अर्धवट झालेला स्वेटर मशीनवरून काढला, उसवला आणि लोकरीचा गुंडा करून माझ्याकडं दिला. कुणाला लागली तर दे, म्हणाल्या. दोन दिवसांनी भंगारवाला आला. महिना अजून संपायचा होता, पण रणजितनंच पाठवलं होतं त्याला. भंगारवाल्यानं मशीन मधोमध धरून उचललं तसं आई चटकन पुढं झाल्या आणि मधून उचललं तर वाकतं, दोन्ही टोकांना धरा, असं त्याला सांगू लागल्या. तो म्हणाला, “मावशी, आता ते वितळायलाच जाणार.” त्या बाजूला झाल्या.

जूनमध्ये पतसंस्थेनं ज्येष्ठ ठेवीदारांचा मेळावा घेतला. आईंचीही तिथं ठेव होती, त्यांना निमंत्रण आलं. रणजित सकाळी निघताना म्हणाला, “आई, तू पण ये. चांगला कार्यक्रम आहे.” त्यांनी ठेवणीतली साडी नेसली. आम्ही दोघी दुसऱ्या रांगेत बसलो.

सुरुवातीला रणजितनं नेहमीचं सांगितलं. मग म्हणाला की आज एक खरं संभाषण ऐकवणार आहे. आपल्याच भागातल्या एका भगिनीचं आहे, नाव सांगणार नाही. आणि त्यानं ते लावलं.

त्यानं ते कापलं होतं. स्वतःविषयीचं सगळं त्यानं काढलं होतं, ते मला अपेक्षित होतं. पण पिन लागत नाही म्हणतात ते खरं का, हे आईंनी विचारलेलंही गेलं होतं. बायकोला फोन दे, गेलं होतं. ठेवते मी, परत करू नकोस, तेही गेलं होतं. राहिलं होतं ते एवढंच: जेवले, ते कोड माझ्याकडनं होत नाही, आणि मग त्या माणसाचं हसणं, नक्कल, येडी बाई. मोठ्या स्पीकरवर आईंचा आवाज सगळ्या सभागृहात फिरला. नक्कल आली तेव्हा लोक हसले. वाईट मनानं नाही, नक्कल चांगली होती म्हणून हसले. मग कुणीतरी कुजबुजलं, या तर पिसाळबाई. एकेक मान आमच्याकडं वळायला लागली आणि हसणं पुढच्या रांगेपासून मागं मागं विझत गेलं.

आई सरळ बसून होत्या. रणजित व्यासपीठावरून सांगत होता की साधं, भोळं असणं हाच आजकाल सगळ्यात मोठा धोका आहे. टाळ्या झाल्या. नंतर चहा होता. एक बाई जवळ आल्या. त्यांच्या दोन्ही मुलांनी शाळेत आईंचे स्वेटर घातले होते. त्या म्हणाल्या, “काकू, तुम्ही तरी फसायला नको होतं.”

“हो, फसले,” आई म्हणाल्या आणि कप बशीत ठेवला.

घरी येताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, “तुम्ही ओळखलं होतं त्याला. ते त्यांनी कापलं.”

“काय काय कापलंय ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. त्या विषयावर त्या माझ्याशी एवढंच बोलल्या.

त्या दिवसापासून त्यांनी रणजितशी बोलणं सोडलं. रुसल्या नाहीत, रडल्या नाहीत, कुणाकडं गाऱ्हाणं केलं नाही. त्याच्या आवडीची भाजी करायच्या, त्याचे कपडे घडी करून ठेवायच्या, तो जेवायला बसला की वाढायच्या. तो काही म्हणाला तर मान हलवायच्या. माझ्याशी, शेजारणींशी, भाजीवाल्याशी पूर्वीसारख्या बोलायच्या. फक्त त्याच्याशी एक शब्दही नाही. पुढं त्या होत्या तोवर हे असंच चाललं, आणि त्या बरीच वर्षं होत्या.

रणजितचं नाव मात्र झालं. ते रेकॉर्डिंग घेऊन तो कराडला गेला, फलटणला गेला, कॉलेजांत बोलवायला लागले. फलटणचा एक माणूस मिठाई घेऊन घरी आला होता. जुना ट्रॅक्टर विकताना त्यालाही असाच कोड आला होता आणि त्या बाईंचा आवाज आठवून त्यानं हात आखडता घेतला. पेढ्यांचा पुडा त्यानं आईंच्याच हातात दिला, कारण दार त्यांनी उघडलं होतं. त्यांनी तो देवापुढं ठेवला.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आईंनी रणजितला तेल लावलं, उटणं लावलं, पाटावर बसवून ओवाळलं. तो नवा सदरा घालून फराळाला बसला. आई अंगणात तुळशीपाशी होत्या. चकली मोडता मोडता तो मला म्हणाला, “आईचा घसा बसलाय का गं?”

“नाही.”

“मग ओवाळताना काही म्हणाली नाही. दरवर्षी काहीतरी म्हणते.”

“त्या बोलत नाहीत तुमच्याशी.”

त्यानं मान वर केली. “कधीपासून?”

“जूनपासून. तुमच्या मेळाव्यापासून.”

तो चकली हातात धरून बसून राहिला. मी त्याच्याकडं बघत होते. तो मागचे सगळे महिने चाचपत होता, त्यात आईंचं एखादं वाक्य सापडतंय का बघत होता, हे मला दिसत होतं. ते सापडलं नाही. मग त्याला राग आला.

“इतके महिने झाले,” तो म्हणाला, “आणि मला कुणी सांगितलं नाही?”